उपवास, पूर आणि शुगरच्या गोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि त्याच सुमाराला कोल्हापुरात पंचगंगाही चढायला लागते. शुगरची गोळी चालू असलेल्या माणसाला वर्षातले हे चार महिने सगळ्यात गोंधळाचे जातात. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशा, मग नवरात्र. मध्येच पावसाळी जुलाब-उलट्या, आणि नदीकाठच्या गावांना घर सोडायची वेळ. जेवण बदलते, वेळ बदलते. गोळी मात्र एकतर जशीच्या तशी चालू राहते, नाहीतर "आज उपवास आहे" म्हणून सगळ्या गोळ्या एकदम बंद होतात. दोन्ही चूक. कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची आणि कोणती पुढे ढकलायची हे त्या गोळीच्या जातीवर ठरते. आणि आपली गोळी कोणत्या जातीची, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. "पांढरी लांबडी", "दोन रंगाची", "सकाळची बारकी" एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो. या पत्रात फक्त टाइप-२ मधुमेहाच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांविषयी लिहीत आहोत. इन्सुलिनचे नियम वेगळे.

सुरुवात ग्लिमेपिराइडपासून करतो, कारण घोटाळे सर्वाधिक हिच्यातच होतात. १, २, ३ किंवा ४ मि.ग्रॅ.ची ही बारकी गोळी सल्फोनिलयुरिया गटातली. ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि जुनी ग्लिबेनक्लामाइड ही तिची भावंडे. या गटाचे काम एकच: स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन बाहेर काढायला लावणे. तुम्ही जेवलात की नाही, हे ही गोळी विचारत नाही. रक्तात साखर २५० असो वा ९०, इन्सुलिन सुटणारच. त्यामुळे ती जेवणाच्या अगदी आधी किंवा पहिल्या घासाबरोबर घ्यायची. साधी ग्लिपिझाइड असेल तर जेवणाआधी अर्धा तास. गोळी घेऊन मग चहा, मग पेपर, मग अंघोळ, मग देवपूजा आणि दहाला नाश्ता, हा क्रम या गटाला चालत नाही. गोळी घेतली की ताट समोर हवे.

ग्लिमेपिराइडचा अंमल साधारण दिवसभर राहतो. ग्लिबेनक्लामाइड त्याहून हट्टी: यकृतात तिचे जे घटक तयार होतात तेही साखर उतरवतात आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावले की गोळी अंगात साचते. पासष्टीच्या पुढच्या माणसाला ग्लिबेनक्लामाइड देऊ नये असे आता सर्वत्र सांगितले जाते, तरी वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून ती घेणारे आजोबा आजही आहेत. घरात कोणी घेत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे एकच विचारा, हिच्याऐवजी दुसरी देता येईल का.

आता संकष्टीचा हिशेब घालून पाहा. सकाळी आठला नेहमीप्रमाणे २ मि.ग्रॅ. ग्लिमेपिराइड घेतली. दिवसभर दोन चहा आणि एक केळे. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. दुपारी चार-साडेचारला घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्यांना वाटते उपासाने पित्त झाले. पित्त नव्हे, साखर सत्तरच्या खाली गेलेली असते. तुमचा उपवास एक वेळ जेवायचा असेल तर या गटाची गोळी त्या एका जेवणालाच जोडावी लागते, आणि मात्रा बहुधा कमी करावी लागते, कारण रात्री नऊला पूर्ण गोळी घेऊन झोपले तर साखर पहाटे उतरू शकते. नेमकी किती कमी, हे तुमच्या डॉक्टरांकडून उपवासाच्या आधीच्या आठवड्यात लिहून घ्या. त्याच दिवशी सकाळी फोन करून नव्हे. रमजानचे रोजे धरणाऱ्यांसाठीही सर्वसाधारण पद्धत हीच आहे: दिवसातून एकदाची गोळी इफ्तारला, दोनदाची असेल तर सहरीची (पहाटेच्या जेवणाची) मात्रा कमी. निर्जळी उपवासात तर कोणत्याही गोळीचा हिशेब बिघडतो. आषाढीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या दिंडीत चालत जाणाऱ्यांचा धोका दुहेरी. पोटात अन्न कमी आणि पायांना काम जास्त. त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडर हवीच.

उलटही घडते, आणि जास्त वेळा घडते. एकादशी दुप्पट खाशी, हे काही उगाच म्हणत नाहीत. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८५ ग्रॅम पिष्ट असते. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. अशा दिवशी गोळी बंद ठेवली तर दुपारी साखर तीनशे गाठते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यातल्या त्यात बरी, तीही एक वाटी. म्हणजे "उपवासाला गोळी घ्यायची का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. उपवासात काय खाणार आणि किती वाजता, ते आधी सांगा, मग गोळीचे ठरेल.

जी अडचण उपवासाची, तीच पाळीची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम चालते. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेले असते. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी आलेला कामगार "सकाळची" म्हणून ग्लिमेपिराइड घेतो, अर्धी भाकरी खातो आणि पडदे ओढून झोपतो. झोपेत साखर उतरली तर कळायला मार्ग नाही. उठल्यावर डोके जड, बनियन घामाने भिजलेले, एवढीच खूण. १-०-१ हे घड्याळासाठी नसून जेवणासाठी आहे, असे समजून घ्या. ज्या जेवणात पोट भरते, त्या जेवणाला गोळी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण अशा माणसासाठी साखर एकदम न पाडणाऱ्या गोळ्या निवडता येतात. ऊसतोडीवरचे मजूर, हमाल आणि लांब पल्ल्याचे ड्रायव्हर यांनाही हेच लागू. ड्रायव्हरने तर स्टेअरिंगवर बसण्याआधी साखर तपासलेली बरी.

साखर उतरली की काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून लगेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सत्तरच्या वर नसेल तर पुन्हा तेवढेच. सावरल्यावर भाकरी-भाजी किंवा दूध-बिस्किट, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. चॉकलेट आणि पेढा इथे उपयोगाचे नाहीत. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा. आणि हे महत्त्वाचे: सल्फोनिलयुरियाने उतरलेली साखर शिरेतून ग्लुकोज देऊन वर आली तरी पुढच्या चोवीस तासांत परत उतरू शकते. "आता बरं वाटतंय" म्हणून तासाभरात घरी नेण्याची घाई करू नये. वयस्कर माणसात घाम-थरथर नसतेच कधी कधी. नुसते असंबद्ध बोलणे किंवा एक बाजू लुळी पडल्यासारखे दिसते आणि घरचे पक्षाघात समजून धावतात. बोटाला एक टोचणी दिली तर उलगडा होतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल यांसारखी गोळी चालू असेल तर छातीची धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. घामाकडे लक्ष ठेवा. रिकाम्या पोटी दारू आणि ही गोळी ही जोडी तर प्राणावर बेतणारी. बेशुद्ध पडलेला माणूस "पिऊन पडलाय" म्हणून तसाच सोडला जातो.

मेटफॉर्मिनचे सगळे वेगळे. ती इन्सुलिन ढोसून काढत नाही. यकृत जी साखर रक्तात सोडते त्याला आवर घालते. एकटी असेल तर साखर धोक्याइतकी उतरवत नाही. १९५७ पासून माणसांच्या उपचारात आहे, स्वस्त आहे, आणि आजही बहुतेकांची पहिली गोळी हीच. तिचा त्रास पोटाचा: मळमळ, गुडगुड, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. पहिल्या दिवसापासून १००० मि.ग्रॅ. चालू केली की आठवड्यात माणूस गोळी सोडतो आणि "मला मेटफॉर्मिन मानवत नाही" हे कायमचे ठरून जाते. ५०० मि.ग्रॅ. रात्रीच्या जेवणाबरोबर, एक-दोन आठवडे; पोट बसले की सकाळी आणखी ५००; असे चढत गेले तर बहुतेकांना चालते. साधारण कमाल मात्रा दिवसाला २००० मि.ग्रॅ. गोळी जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी. चावायची नाही, कुटायची नाही, दुधात भिजवायची नाही. या गोळीचे रिकामे कवच कधी कधी शौचात जसेच्या तसे दिसते आणि "गोळी लागूच पडत नाही" असा समज होतो. औषध आत उतरलेले असते, उरते ते टरफल. स्ट्रिप उघडली की मासळीसारखा वास येतो, तोही मेटफॉर्मिनचा स्वभाव. त्याने गोळी खराब ठरत नाही.

"मेटफॉर्मिनने किडनी जाते" हे वाक्य तर गावोगाव ऐकू येते, आणि त्याने जेवढे नुकसान केले असेल तेवढे गोळीने खचितच केले नसेल. मूत्रपिंड बिघडवते ती वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड आधीच मंद असेल तर ती अंगात साचू नये यासाठी मात्रा कमी करतात. मूत्रपिंड रक्त किती गाळते हे सांगणारा ईजीएफआर हा आकडा ४५ च्या खाली गेला की मात्रा साधारण निम्मी, ३० च्या खाली गेला की पूर्ण बंद. लोक पाहतात की किडनीचा आजार झाला आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन काढली. मग कारण आणि परिणाम उलटे जोडले जातात. वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासा, हा यावरचा उपाय. चार-पाच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याने बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे, विशेषतः शाकाहारी माणसाने. पायांची बधिरता प्रत्येक वेळी शुगरचीच नसते, बी-१२ कमी झाल्यानेही येते, आणि ती भरून निघू शकते.

मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवण्याचे प्रसंग मात्र ठाऊक हवेत. जोराचे जुलाब-उलट्या, अंगातले पाणी कमी होणे, न्यूमोनियासारखा मोठा संसर्ग, मोठे ऑपरेशन. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील आणि मूत्रपिंड कमजोर असेल, तर ती गोळी त्या दिवशी बंद आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू. अशा वेळी मेटफॉर्मिन साचली तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. क्वचित होते, पण झाले तर गंभीर. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला हा धोका बारमाही.

पावसाळी जुलाबात त्याहून जास्त जपायची ती ग्लिफ्लोझिन गटातली गोळी: डापाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ., एम्पाग्लिफ्लोझिन १० किंवा २५, कॅनाग्लिफ्लोझिन १००. या गोळ्या मूत्रपिंडातून रक्तात परत शोषली जाणारी साखर अडवतात आणि रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून बाहेर घालवतात. हृदय कमजोर असलेल्यांना आणि मूत्रपिंडाचा आजार सुरू झालेल्यांना यांचा मोठा फायदा होतो. म्हणून साखर आटोक्यात असतानाही हृदयरोगतज्ज्ञ ही गोळी लिहितात, तेव्हा "शुगर नॉर्मल आहे, मग कशाला" म्हणून परस्पर बंद करू नका. लघवीच्या तपासणीत साखर ++++ येणार, ते या गोळीचे कामच आहे. रिपोर्ट पाहून घाबरायचे कारण नाही. साखरेच्या लघवीमुळे जननेंद्रियाला बुरशीची खाज सुटते, बायकांत जास्त. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडे करणे एवढ्याने बरेचसे टळते. लाजेपोटी कोणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते.

या गटाचा खरा धोका वेगळाच. लघवीवाटे पाणीही जाते. भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा फाउंड्रीतला कामगार, किंवा जुलाब झालेला माणूस, यांना चक्कर येऊन रक्तदाब पडतो. आणि पोटात काहीच जात नसेल तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. साखर १६०-१८० दिसते, म्हणून डॉक्टरसुद्धा फसू शकतात. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास आणि कमालीचा थकवा असेल तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, "मला ग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे." नियम सोपा: जेवण बंद, तर ही गोळी बंद. ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद. भात-भाकरी पूर्ण सोडायचे नवे डाएट या गोळीवर असताना स्वतःच्या मनाने करू नये. निर्जळी उपवासालाही ही चालत नाही.

ग्लिप्टिन गटाबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि तीच त्यांची थोरवी. सिटाग्लिप्टिन १००, व्हिल्डाग्लिप्टिन ५० दोनदा, लिनाग्लिप्टिन ५, टेनेलिग्लिप्टिन २०. रक्तात साखर चढेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतात, त्यामुळे एकट्या असतील तर साखर सहसा उतरत नाही. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फरक पडत नाही. पाळीवाल्यांना आणि म्हाताऱ्यांना सोयीच्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर सिटाग्लिप्टिनची मात्रा निम्मी किंवा पाव करावी लागते, लिनाग्लिप्टिनची नाही. पोटात वरच्या बाजूला पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आली तर स्वादुपिंडाला सूज आली नाही ना, हे तपासायचे. वजन मात्र या गोळीने उतरत नाही.

पायोग्लिटाझोन २०१३ च्या जूनमध्ये आपल्याकडे बंद झाली आणि महिना-दीड महिन्यात इशाऱ्यासह परत आली. पायांना सूज येणारा, हृदय कमजोर असलेला किंवा मूत्राशयाचा कर्करोग झालेला माणूस असेल तर ही नको. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नये. तोंडाने घ्यायची सेमाग्लुटाइड हीही आता मिळते. तिचा नियम फारच काटेकोर: उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी नाही, आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतली तर महागडे औषध वाया.

व्होग्लिबोज ०.२ किंवा ०.३ मि.ग्रॅ. आणि अकार्बोज या गोळ्या आतड्यात पिष्टाचे पचन लांबवतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर आठवण आली तर राहू द्या, उपयोग नाही. पोटात वायू धरतो. पण यातली खरी मेख वेगळी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ही गोळी ग्लिमेपिराइडसोबत चालू असताना साखर उतरली, तर घरातली साखर किंवा गूळ खाऊन लवकर वर येत नाही, कारण साखरेचे विघटन करणारे विकरच (एन्झाइम) गोळीने अडवलेले असते. इथे ग्लुकोज पावडरच लागते. अशा घरात ती पुडी मिठाच्या बरणीशेजारी कायम असावी.

आणि ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज अशी तिन्ही एकाच गोळीत असलेली पाकिटे आपल्याकडे सर्रास चालतात. गोळ्यांची संख्या कमी होते, पैसे थोडे वाचतात, हे खरे. पण जुलाब लागले की मेटफॉर्मिन थांबवायची, उपवासाला ग्लिमेपिराइड कमी करायची, हे सुटे सुटे काही करता येत नाही. सगळे चालू नाहीतर सगळे बंद. दोन रंगाची गोळी नीट पाहिली तर दोन थर दिसतात, एक पटकन विरघळणारा, दुसरा हळूहळू. ती मधोमध तोडून "अर्धी घेतो" म्हटले तर मेटफॉर्मिनच्या थराचे गणित मोडते. नावापुढचे १ आणि २ हे आकडे सहसा ग्लिमेपिराइडचे असतात आणि "फोर्ट" असेल तर मेटफॉर्मिन वाढलेली असते. एम १ संपली म्हणून एम २ घेणे म्हणजे साखर पाडणारे औषध दुप्पट करणे. "पॉवर थोडी जास्त आहे, चालतंय की" हे इथे चालत नाही. दोन डॉक्टरांची दोन वेगळ्या ब्रँडची पाकिटे, आत मात्र तीच ग्लिमेपिराइड, असेही घडते. पाकिटावरचे मोठ्या अक्षरातले नाव सोडून खालचे बारीक अक्षरातले नाव वाचायला शिकलेच पाहिजे.

दुसरी औषधे चालू करतानाही शुगरची गोळी सांगा. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, काही अँटिबायोटिक, यांनी ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो. गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही दिवस साखर चढवते. तेवढ्यावरून कायमची गोळी वाढवून घेऊ नये. "मुळापासून शुगर घालवणारी" बिननावाची पावडर आठवड्याच्या बाजारात मिळते. अशा पावडरींत ग्लिबेनक्लामाइडची भेसळ सापडल्याची उदाहरणे आहेत. पावडरने झटक्यात गुण आला तर आनंदाआधी संशय घ्यावा. आणि गुळाचे म्हणाल, तर कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चवीला तोड नाही, पण रक्ताला गूळ, काकवी आणि साखर यांत फरक कळत नाही.

तपासणीच्या दिवशीच्या चुकांमुळेही गोळ्या विनाकारण वाढतात. उपाशीपोटीचे रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी खाऊन जायचे नाही. रक्त दिले की नेहमीची गोळी घेऊन नेहमीचेच जेवण करायचे, आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरे रक्त. बरेचजण दुसरे रक्त देईपर्यंत गोळीच घेत नाहीत. आकडा २८० येतो आणि चिठ्ठीवर आणखी एक गोळी चढते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी बहुतेकांना ७ टक्क्यांच्या खाली हवी, पण थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजीसाठी ८ च्या आसपास पुरे; तिथे ६.५ गाठण्याचा हट्ट धरला तर बाथरूममध्ये पडून खुबा मोडायचा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी थोडी जास्त दिसू शकते. घरी ग्लुकोमीटर वापरताना बोट साबणाने धुऊन पुसा. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर आकडा खोटा चढतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण पावसाळ्यात उघडे राहिले तर डबीच बाद.

किमतीबद्दल एक सांगतो. व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपले, डापाग्लिफ्लोझिनचे ऑक्टोबर २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचे जुलै २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी किमती धाडकन खाली आल्या. तीन वर्षांपूर्वी "परवडत नाही" म्हणून जी गोळी नाकारली होती, ती आज परवडू शकते. डॉक्टरांना पुन्हा विचारा. जनऔषधी केंद्रात औषधाच्या मूळ नावाने मागा, रंग आणि आकार वेगळा असेल, तेवढे मनात धरून ठेवा.

राहता राहिला पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा औषधांच्या गाड्याही अडकल्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की जनावरांबरोबर गोळ्यांचेही पाहावे. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या, ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर, ओआरएसची पाकिटे आणि चिठ्ठीची झेरॉक्स, हे सगळे झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. पुराचे पाणी लागलेली स्ट्रिप वरून धड दिसली तरी टाकून द्या. निवारा केंद्रात जेवण कधी मिळेल याचा नेम नसतो. तिथे ताट हातात आल्याशिवाय ग्लिमेपिराइड घ्यायची नाही. आणि जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन आणि शक्य तो लघवी वाढवणाऱ्या गोळ्या केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून थांबवायच्या.

शेवटी औषध दुकानदारांना एक विनंती, आणि ती आमच्या व्यवसायाला घरचा आहेर समजा. चार-पाच गोळ्या हव्या असल्या की आपण कात्रीने स्ट्रिप कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानातच राहते आणि गिऱ्हाइकाच्या हाती जातो तो कोरा चंदेरी तुकडा. बेशुद्ध माणसाला घेऊन आलेला मुलगा तोच तुकडा डॉक्टरांपुढे धरतो. तेव्हा कापताना छापील टोकाकडून कापून द्या. तसे जमत नसेल तर कागदी पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरात चार गोष्टी लिहा: औषधाचे मूळ नाव, मि.ग्रॅ., मुदत आणि "जेवणाआधी", "जेवणाबरोबर" की "कधीही". त्याला अर्धा मिनिट लागतो.

आपले,
काही औषधनिर्माते (फार्मासिस्ट),
कोल्हापूर